हौशी म्हणजे कोण? गिरणीच्या सायकलीपासून चाळिशीनंतरच्या शर्यतीपर्यंत

सोलापूरहून तुळजापूरला जाणारा रस्ता सुमारे ४५ किलोमीटरांचा. बराचसा सपाट आणि शेवटी बालाघाटाच्या कडेला चढणारा. सुटीच्या दिवशी पहाटे या रस्त्यावर हेल्मेट घातलेले, अरुंद टायरच्या हलक्या सायकलींवर ओणवे झालेले स्वार दिसतात. त्यांतले कित्येक चाळिशी ओलांडलेले असतात. कुणी डॉक्टर, कुणी वकील, कुणी प्राध्यापक. यांपैकी जे शर्यतीत उतरतात त्यांना क्रीडाक्षेत्राच्या परिभाषेत ‘मास्टर्स’ म्हणतात, आणि सायकलीवर पोट भरत नसल्यामुळे ते ‘हौशी’ ठरतात.

दोन्ही शब्द निरुपद्रवी वाटतात. परंतु हौशी कोणाला म्हणायचे आणि कोणत्या वयापर्यंत माणसाला स्पर्धक मानायचे, यावर गेली दीडशे वर्षे वाद झाले, नियम झाले, ते नियम मोडलेही गेले. या वादात ज्यांचे नुकसान झाले त्यांत सोलापूरसारख्या गावाची माणसे अग्रभागी येतात. कारण हे गाव कित्येक दशके सायकलीवरच कामाला जात होते. हा धागा त्या दोन शब्दांच्या इतिहासाचा.

१८६० मध्ये सोलापुरात रेल्वे आली आणि १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे गावाच्या तोंडची ‘जुनी मिल’, उभी राहिली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्यांची भर पडली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग आणि नंतर यंत्रमाग वाढवले. सोलापुरी चादर देशभर गेली. गिरणीचा भोंगा वाजला की रस्ते भरत. पायी चालणाऱ्यांच्या या गर्दीत सायकल शिरली ती हळूहळू. आरंभीची सायकल विलायती होती. रॅले, बीएसए, हर्क्युलिस ही नावे नॉटिंगहॅम आणि बर्मिंगहॅमची. ती घेणे कारकुनाला, मास्तराला परवडे. साच्यावरच्या कामगाराला क्वचितच.

चित्र पालटले ते देशी कारखान्यांमुळे. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स, बंगालमध्ये सेन-रॅले, मद्रासला टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला अ‍ॅटलस आणि १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत सायकल कामगाराच्या आवाक्यात आली. कॅरियरला डबा, हँडलला पिशवी, पुढच्या दांडीवर लेकरू. ज्याला विकत घेणे जमत नसे तो तासाच्या भाड्याने सायकल घेई. नगरपालिकांचा सायकल-कराचा बिल्ला असे. रात्री बत्ती नसली किंवा डबलसीट सापडले तर पोलीस अडवी, आणि चाकातली हवा सोडून देणे हा दंडाचाच एक प्रकार मानला जाई.

या माणसांनी आयुष्यभरात किती किलोमीटर सायकल चालवली असेल, याचा हिशोब कुणी ठेवला नाही. वीसेक किलो वजनाची सायकल, एकच गिअर, पाठीमागे सुताची गाठोडी आणि समोर पश्चिमेचा वारा. आजच्या कोणत्याही प्रशिक्षकाला हा सराव कठोरच वाटेल. तरीही त्याला सराव म्हटले गेले नाही. ते ‘कामावर जाणे’ होते.

याचे मूळ इंग्लंडातल्या एका व्याख्येत आहे. १८६० च्या दशकात तिथल्या उच्चवर्गीय क्रीडासंस्थांनी हौशी खेळाडूची व्याख्या ठरवायला घेतली. पैशासाठी खेळणारा हौशी नव्हे, हा भाग समजण्याजोगा होता. पण काही संस्थांनी पुढे जाऊन कारागीर, यंत्रकामगार आणि मजूर यांना सरळ वगळले. हेन्लीच्या प्रसिद्ध नौकास्पर्धेने १८७९ मध्ये हाच नियम स्वीकारला. जो मजुरीने अंगमेहनतीचे काम करतो त्याचे शरीर आधीच कसलेले असते, म्हणून ‘सभ्य’ गृहस्थांशी त्याची स्पर्धा अन्यायाची, असे त्याचे समर्थन. या तर्कानुसार सोलापूरचा साचेवाला सायकलस्वार खेळाडू होऊ शकत नव्हता, कारण तो आधीच फार सायकल चालवत होता! हेन्लीचा हा नियम जायला १९३७ साल उजाडावे लागले.

सायकलीच्या क्षेत्रात १८७८ मध्ये स्थापन झालेल्या बायसिकल युनियनने कामगारांना नावाने वगळले नाही. तिने बंदी घातली ती पैशांवर: रोख बक्षीस घेतले की हौशीपण संपले. वरवर पाहता हा नियम सर्वांना सारखाच. व्यवहारात मात्र ज्याची एका दिवसाची रजा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे, त्याला बक्षिसाविना शर्यत परवडत नव्हती. श्रीमंताला मात्र चांदीचा पेला पुरत होता. दाराला कुलूप न लावताही माणसाला बाहेर ठेवता येते, त्याचे हे उत्तम उदाहरण.

फ्रान्समध्ये गोष्ट निराळी घडली. ७ नोव्हेंबर १८६९ रोजी पॅरिस ते रुआँ ही गावाहून गावाला जाणारी मोठी शर्यत झाली आणि जेम्स मूर याने सुमारे १२३ किलोमीटर अंतर १० तास ४० मिनिटांत कापले. १८९१ मध्ये ‘ल पती जुर्नाल’ या वृत्तपत्राने पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही १२०० किलोमीटरांची शर्यत घेतली. शार्ल तेराँ न झोपता जवळपास तीन दिवसांत परतला. वृत्तपत्रांना खप हवा होता, सायकल-कारखान्यांना जाहिरात हवी होती, म्हणून बक्षिसे रोख होती. आणि बक्षिसे रोख होती म्हणून कामगार आले. १९०३ मध्ये पहिली तूर द फ्रान्स जिंकणारा मोरिस गारँ हा मूळचा धुराडी साफ करणारा मजूर होता. युरोपच्या मुख्य भूमीवर रस्त्यावरची सायकल-शर्यत पहिल्यापासून श्रमिकांचा खेळ राहिली, ती या पैशामुळे.

भारताने मात्र खेळाची चौकट इंग्लंडकडून घेतली. १९४६ मध्ये सायकलिंग फेडरेशन ऑफ इंडियाची स्थापना झाली आणि १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारतीय सायकलपटू उतरले. मुंबईतल्या पारशी समाजाचा या आरंभीच्या काळात मोठा वाटा होता. त्याआधीच, १९२३ मध्ये, मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलीवर जगप्रवासाला निघाले होते. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ मध्ये ७०,००० किलोमीटरांहून अधिक प्रवास करून परतले. ती शर्यत नव्हती, पण सायकलीवर शरीराची परीक्षा घेण्याची कल्पना आपल्या भागात नवी नव्हती, हे त्यावरून दिसते.

महाराष्ट्रातील रस्त्यावरच्या शर्यतीचे सर्वांत मोठे नाव म्हणजे मुंबई–पुणे शर्यत. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतचा बोरघाट हा तिचा गाभा. घाटमाथ्यावर जो सर्वांआधी पोचतो तो ‘घाटाचा राजा’. अंतिम विजेत्याचे नाव विसरले तरी घाटाच्या राजाचे नाव लोकांच्या ओठी राही, इतकी त्या किताबाची शान. ही शर्यत मात्र तरुणांची. सैन्यदल आणि रेल्वेसारख्या खात्यांत खेळाडू म्हणून नोकरी मिळावी, ही आस तिच्यामागे असे. पंचविशी-तिशी गाठली, नोकरी मिळाली वा हुकली, की शर्यतीची सायकल माळ्यावर जाई. चाळिशीतल्या माणसाने शर्यतीत उतरावे ही कल्पनाच हास्यास्पद मानली जाई.

आणि तरीही खेड्यापाड्यांत, तालुक्याच्या गावांत, एका प्रकारची सायकल-स्पर्धा चालूच होती. तिला कोणी खेळ म्हणत नव्हते, म्हणून क्रीडा-इतिहासात तिची नोंद नाही. जुन्या पिढीला ती चांगली आठवते: गावाच्या पटांगणात रिंगण आखायचे, मध्ये बांबू उभारून त्यावर कर्णा लावायचा आणि एक माणूस सायकलीवर चढायचा. तीन दिवस, पाच दिवस, सात दिवस खाली उतरायचे नाही. जेवण सायकलीवर, आंघोळ सायकलीवर, कपडे बदलणे सायकलीवर. संध्याकाळी गर्दी जमली की तो कसरती करून दाखवी. लोक त्याच्या सदऱ्याला नोटा टाचत. शेवटच्या दिवशी हारतुरे, मिरवणूक. आणि मग तो पुढच्या गावाला.

हे दृश्य इतके सर्वपरिचित होते की १९७२ च्या ‘शोर’ या हिंदी चित्रपटात नायक मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे उभे करायला सलग सायकल चालवतो, आणि प्रेक्षकांना ते समजावून सांगावे लागले नाही.

आता याची तुलना लंडनशी करून पाहावी. १८७८ मध्ये इझलिंग्टनच्या अ‍ॅग्रिकल्चरल हॉलमध्ये सायकलीची सहा दिवसांची शर्यत झाली. सहाच दिवस, कारण रविवारी खेळ निषिद्ध. पुढे न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हा प्रकार इतका गाजला आणि इतका क्रूर ठरला की तिथल्या कायद्याने एका स्वाराला दिवसात बारा तासांहून अधिक सायकल चालवण्यास बंदी केली. त्यावर उपाय म्हणून दोघांनी आळीपाळीने चालवण्याची पद्धत निघाली. तिचे नाव आजही ‘मॅडिसन’ आहे आणि ती ऑलिंपिकमध्ये खेळली जाते. तिकडच्या रिंगणातून ऑलिंपिकचा खेळ निघाला. इकडच्या रिंगणातला माणूस डोंबाऱ्याच्या रांगेत बसवला गेला. दोघांचे श्रम एकाच जातीचे होते. फरक एवढाच की एकाच्या फेऱ्या मोजायला पंच होते.

दुसरा शब्द वयाचा. सायकलीत वय काय करते, याची शरीरशास्त्राने दिलेली माहिती ठरावीक मतांना धक्का देणारी आहे. तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता घटते. बैठे जीवन जगणाऱ्याची दर दशकात सुमारे दहा टक्के, तर नियमित सराव करणाऱ्याची त्याच्या निम्म्याच्या आसपास. स्नायूंमधले झटपट आकुंचन पावणारे तंतू आधी कमी होतात, म्हणून अखेरच्या दोनशे मीटरांतली झेप प्रथम जाते. दीर्घकाळ एकाच लयीत पायडल मारण्याची ताकद बरीच नंतर. म्हणूनच सायकल हा वयाला उदार असलेला खेळ आहे. १९८५ मध्ये नेदरलँड्सचा योप झुटेमेल्क वयाच्या ३८ व्या वर्षी व्यावसायिकांचा विश्वविजेता झाला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या क्रिस हॉर्नरने ४१ व्या वर्षी स्पेनची व्हुएल्ता जिंकली.

पण हे झाले व्यावसायिक. सामान्य नोकरदाराने, शिक्षकाने, सुताराने पन्नाशीत शर्यत धावायची तर त्याला वयोगट हवा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियातील सेंट योहान या गावी प्रौढांसाठी सायकल-स्पर्धा सुरू झाली आणि बघता बघता युरोपभरचे स्वार तिथे जमू लागले. १९८५ मध्ये टोरोंटोला पहिल्या जागतिक मास्टर्स क्रीडास्पर्धा झाल्या. या साऱ्यामागे युद्धानंतरची वाढलेली आयुर्मर्यादा होती, पगारी रजा होती आणि पन्नाशीतला माणूस म्हातारा नसतो ही नवी जाणीव होती.

याच सुमारास ‘हौशी’ या जुन्या शब्दाची घटिका भरत आली होती. १९६५ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने हौशी आणि व्यावसायिक यांच्यासाठी दोन वेगळे महासंघ केले होते. तो काळ शीतयुद्धाचा. पूर्व युरोपातले ‘हौशी’ स्वार प्रत्यक्षात सरकारी पगारावर पूर्णवेळ सराव करत, हे सर्वांना ठाऊक होते. ढोंग फार काळ टिकले नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी दोन्ही महासंघ पुन्हा विलीन झाले, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये व्यावसायिक उतरले, आणि हौशी हा स्वतंत्र वर्गच नियमांतून गेला. त्याच्या जागी ‘एलिट’, ‘तेवीस वर्षांखालील’ आणि ‘मास्टर्स’ असे वर्ग आले.

हा बदल कागदावरचा वाटतो, परंतु तो मूलगामी होता. शंभरहून अधिक वर्षे विचारला जाणारा प्रश्न होता: तू पैसे घेतोस का? आता विचारले जाऊ लागले: तुझे वय किती? जुन्या प्रश्नाने धुराडी साफ करणारा आणि सरदारपुत्र यांना वेगळे केले. नव्या प्रश्नाने निदान नियमांपुरते तरी त्यांना एका रेषेवर उभे केले. २०११ पासून आंतरराष्ट्रीय संघटना वयोगटांची जी जागतिक मालिका घेते, तिच्यात पस्तिशीपासून पुढे दर पाच वर्षांचा एक गट असतो. पात्रता-शर्यतीत आपल्या गटाच्या पहिल्या पाव हिश्शात आले की जागतिक अंतिम शर्यतीचे दार उघडते.

या नव्या प्रश्नाचा सर्वांत विलक्षण लाभार्थी म्हणजे रोबेर मार्शाँ. १९११ मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेला हा ठेंगणा माणूस. तरुणपणी त्याला, तुझी चण लहान, तू विजेता होणार नाहीस, असे सांगण्यात आले होते. त्याने अग्निशामक दलात काम केले, कॅनडात लाकूडतोड केली, बागकाम केले, आणि साठी उलटून गेल्यावर पुन्हा गांभीर्याने सायकल धरली. २०१२ मध्ये शंभरी ओलांडलेल्यांसाठी तासाच्या विक्रमाचा गटच नव्हता. तो त्याच्यासाठी करावा लागला. त्याने तासात २४.२५ किलोमीटर कापले, आणि २०१४ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, २६.९२७. म्हणजे दोन वर्षांनी वय वाढले आणि वेगही वाढला. या काळात त्याच्यावर झालेल्या अभ्यासात त्याची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे १३ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. २०१७ मध्ये १०५ व्या वर्षी तो पुन्हा उतरला आणि २२.५४७ किलोमीटरांवर थांबला. मिनिटे दाखवणारा फलक आपल्याला दिसला नाही, नाहीतर आणखी वेगाने चालवली असती, अशी त्याची तक्रार होती. हेन्लीच्या जुन्या नियमाप्रमाणे हा मजूर कधीच हौशी ठरला नसता.

महाराष्ट्रात मास्टर्सचा ओघ आला तो नेहमीच्या शर्यतीतून नव्हे, तर लांब पल्ल्याच्या वाटेने. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही व्यावसायिकांची शर्यत पुढे मागे पडली आणि १९३१ पासून तिच्या जोडीने सामान्य स्वारांची आवृत्ती वाढत गेली. तिची पात्रता म्हणजे ‘ब्रेव्हे’: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. एका हंगामात चारही पूर्ण केले की ‘सुपर रँदोनर’. इथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो. मुदतीत पोचलेले सगळे सारखे. २०१० नंतर भारतात या ब्रेव्हेंचे जाळे पसरले आणि २०१९ च्या पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिससाठी भारतातून तीनशेहून अधिक जणांनी नावे दिली. थंडी, वारा आणि अखंड चढउतार यांपुढे त्यांतल्या बहुसंख्यांना मुदत गाठता आली नाही, हेही नोंदवले पाहिजे.

शर्यतीची खुमखुमी असलेल्यांसाठी २०१४ मध्ये पुणे ते गोवा ही ‘डेक्कन क्लिफहँगर’ सुरू झाली. अंतर ६४३ किलोमीटर. महाबळेश्वर, सातारा, कोल्हापूर, बेळगाव असा मार्ग. ठरल्या मुदतीत ती पूर्ण केली की ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’, म्हणजेच ‘रॅम’ची पात्रता. रॅम १९८२ मध्ये चौघांनी सुरू केली; लॉन हाल्डमन सांता मोनिकाहून न्यूयॉर्कला ९ दिवस २० तासांत पोचून जिंकला. आज ती पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरांची आहे. घड्याळ कधीच थांबत नाही. झोपाल तो वेळ तुमचाच जातो.

२०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू दोघांच्या संघात उतरले. दोघांच्या संघाला मुदत नऊ दिवसांची. त्यांनी ८ दिवस १४ तास ५५ मिनिटे घेतली आणि रॅम पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले. एक भूलतज्ज्ञ, दुसरा दंतवैद्य. दोघेही ऐन संसारातले. २०१७ मध्ये एकट्याने उतरणाऱ्यांत सैन्यदलातील डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत, तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत पोचले. मुदत १२ दिवस. पन्नाशीखालच्यांना एवढीच, पन्नाशी ओलांडलेल्यांना आणि स्त्रियांना २१ तास अधिक मिळतात. समर्थांकडे उरले होते तीन तासही नाहीत. पुढच्याच वर्षी त्यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजार किलोमीटरांची शर्यतही पार केली.

या नावांत डॉक्टर एवढे का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. शरीराचे ज्ञान हे एक कारण. जागरणाची सवय हे दुसरे. तिसरे कारण सांगायला जरा अवघड. रॅमला सोबत गाड्या लागतात, आठ-दहा माणसांचे मदत-पथक लागते, अमेरिकेचा प्रवासखर्च लागतो; सायकलच काही लाखांची असते. दवाखाना दोन आठवडे बंद ठेवणे ज्याला झेपते तोच जाऊ शकतो. नियमांतून मजुराची बंदी केव्हाच गेली. हिशोबाच्या वहीतून ती गेलेली नाही.

म्हणून ब्रेव्हेचे महत्त्व. तिथे नोंदणीचा खर्च थोडा, मदत-पथक अनिवार्य नाही, गिअरची साधी सायकलही चालते. सोलापूरच्या भूगोलाला हा प्रकार चपखल बसतो. अक्कलकोट सुमारे ४० किलोमीटर, बार्शी व पंढरपूर ७० च्या आसपास, विजापूर शंभर. कुठूनही दोनशेचे वर्तुळ जुळते. चढ थोडे असल्यामुळे बाहेरच्या स्वाराला ही भूमी सोपी वाटते. ती सोपी नाही. घाटात चढ संपला की उतार मिळतो, पाय विसावतात. सपाट माळावर पायडल थांबवले की सायकल थांबते. आणि वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने. स्थिर हवेत वेग दुप्पट करायचा तर जवळपास आठपट जोर लागतो. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा समोर आला की पंढरपूरच्या वाटेवर ताशी पंचवीसचा वेगही छाती फोडतो.

या विज्ञानातच शर्यतीचे राजकारण दडले आहे. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर राहिले की मागच्याचे श्रम पाव ते एकतृतीयांशाने वाचतात. म्हणून गटात पाळ्या लावतात: थोडा वेळ पुढे, मग मागे. आपली पाळी न घेता फक्त मागे बसणारा कोण, हे दहा किलोमीटरांत सगळ्यांना कळते. तरुण स्वार इथे फसतो. पहिल्या तासात सारे देऊन बसतो. पन्नाशीचा स्वार वाऱ्याकडे पाहतो, कुणाच्या आडोशाला जायचे ते ठरवतो, पाणी वेळेवर पितो. त्याची झेप गेलेली असते, पण अंदाज वाढलेला असतो.

धोका मात्र वय पाहत नाही. पुणे–हैदराबाद आणि विजापूरकडे जाणाऱ्या महामार्गांवर मालमोटारींची वर्दळ अखंड असते. उसाच्या हंगामात रात्री मागचा दिवा नसलेले ट्रॅक्टर-ट्रॉली दिसेपर्यंत जवळ आलेले असतात. ब्रेव्हेच्या नियमांत रात्रीसाठी पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारी पट्टी सक्तीची आहे. एकेकाळी बत्तीसाठी कामगाराला अडवणाऱ्या पोलिसाची आठवण इथे होते. महामार्गावरून आजही यंत्रमागाच्या पाळीला सायकलीने जाणारा कामगार दिसतो, त्याच्या अंगावर ती पट्टी नसते.

या दोन सायकली एकत्र येण्याची एक जागा सोलापूर जिल्ह्यातच आहे. २०१० च्या दशकाच्या आरंभी नाशिकच्या सायकलस्वारांनी आषाढीच्या सुमारास पंढरपूरची सायकल-वारी सुरू केली. नाशिकच्या या चळवळीला बळ देणारे पोलीस अधिकारी हरीश बैजल हे पुढे सोलापूरचे पोलीस आयुक्त झाले. आता अनेक शहरांतून स्वार पंढरीला येतात आणि पालखीच्या अश्वांसारखे सायकलींचे रिंगण धरतात. त्यात कार्बनची सायकल असते, तशीच आजोबांच्या काळातली काळी, दांडीची सायकलही. घड्याळ कुणी लावत नाही. पटांगणातल्या त्या सात दिवसांच्या सायकलवाल्याचेही रिंगण असेच होते.

सोलापूरच्या मास्टर्स स्वाराचा हंगाम दिवाळीनंतर उघडतो. मकर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, त्या सुमारास पहाटेची हवा सर्वांत अनुकूल असते आणि लांबचे पल्ले याच दिवसांत होतात. होळी झाली की ऊन चढू लागते. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो. मग सराव पहाटे चारला सुरू होऊन आठच्या आत संपतो, कारण नऊला दवाखाना, कचेरी किंवा शाळा गाठायची असते.